शांतवन पाळकांचा ड्युटी-तक्ता

उपदेश ऐन रंगात आलेला असताना खाली उतरून चहाचा गॅस बारीक करून येणारा पाळक तुम्ही पाहिलाय? आमच्या पेणच्या चर्चच्या मंडळीनं अकरा वर्षं पाहिला. शांतवन पाळक. "प्रभूची दया..." एवढं म्हणून गडी बाजूच्या खोलीत गडप, आणि परत येऊन, "...अपार हाय!" वाक्य सोडलं तिथूनच उचलायचे.

चहाला माणसं नव्हती असं नाही. आमच्या मंडळीच्या रूथबाई उठल्या, की यांचं ठरलेलं, "राहू द्या, मी करतो." पेटी तेच वाजवणार, सतरंज्या तेच झटकणार, गटार तुंबलं तर पँट दुमडून तेच उतरणार. माझ्या पुतणीच्या लग्नात वधूवरांकडून वचनं वदवून घेतली आणि लगेच झग्याच्या खिशातून मोबाइल काढून म्हणाले, "हसा!" देवळाच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला. माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. पाळकीणबाई देवाघरी गेल्यापासून तर हे खूळ जास्तच वाढलं होतं.

मला त्याचा भारी राग यायचा. मी तीस वर्षं डेपोत ड्युट्या लावल्या आहेत. ड्रायव्हरनं गाडी चालवावी, तिकिटं फाडू नयेत. पण सांगायचं कोणी?

पेणची सकाळची उपासना आटोपली की स्कूटरवरून रोह्याला. तिथं आमच्या दहा-बारा घरांची मंडळी आहे. वाटेत हे प्रार्थना करायचे. "डोळे उघडे ठेवून हो," असा वर खुलासा. प्रत्येक माणसाला रस्त्यावरची एक जागा नेमून दिलेली. नागोठण्याच्या पुलावर रूथबाईंचा गुडघा, पुढच्या वळणावर आमच्या मंडळीतल्या दानियलची सुटलेली नोकरी. रोह्यातल्या सलोमीआजीला आजारपणात भेटायला गेले, ते तिच्या कोंबड्या डालून आले.

गेल्या वर्षी परतताना स्कूटरवर डुलकी लागली आणि साहेब गाडीसकट भातशेतात. खांदा निखळला. डॉक्टर म्हणाले, "हा माणूस असाच धावला तर पुढच्या वेळी शेतात नाही, थेट दफनभूमीत सापडेल."

मग आमचं पंचमंडळ गुडघे टेकून बसलं. "प्रभू, आमच्या पाळकाला मर्यादा शिकव, आणि आम्हाला कामं वाटून घ्यायला शिकव." प्रार्थना मीच करत होतो, आणि आमेनच्या आधीच माझ्या डोक्यात रकाने पडायला लागले. रोहे, रूथबाई. आजाऱ्यांच्या भेटी, दानियल. किल्ल्या, मी. पाळकसाहेबांनी फक्त उपदेश आणि प्रार्थना करायची, महिन्याचा तिसरा रविवार सुट्टी. खाली लाल शाईनं ठळक लिहिलं, 'पाळकसाहेबांना उगाच त्रास देऊ नये.'

जुडगा सोडताना ते म्हणाले, "चहाच्या कपाटाची तेवढी राहू द्या माझ्याकडं."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. गाढव होतो मी.

खोटं कशाला बोलू, तक्ता झकास चालला. रूथबाई रोह्यात अशा काही बोलायला लागल्या, की लोक पुढच्या आठवड्याची वाट बघायचे. बुजऱ्या दानियलला वाचा फुटली. पाळकांचा खांदाही भरून आला. फक्त उपासना संपली की ते रिकाम्या हातांनी बाकावर बसायचे आणि भिंतीवरचा तक्ता वाचत राहायचे. मला वाटायचं, कौतुकानं वाचतायत.

मागच्या तिसऱ्या रविवारी दानियलनं उपदेश केला. पाळक दिसले नाहीत, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. सुट्टीच होती ना! सोमवारी पुढच्या महिन्याच्या तक्त्यावर त्यांची सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. दार नुसतंच लोटलेलं. आत खाटेवर हे तापानं फणफणलेले, ओठ फुटलेले, माठ कोरडा ठणठणीत.

"कधीपासून?"

"गुरुवार."

"अहो, मग फोन करता नाय आला?" मी ओरडलोच.

त्यांनी उशाखालून घडी घातलेला कागद काढला. माझाच तक्ता. "बघितलं यात. आजाऱ्यांकडं दानियल जातो, पण त्याच्या यादीत पाळक नाय. म्हटलं, उगाच कशाला कोणाची ड्युटी मोडायची?"

टोमणा असता तर मी सोसला असता. माणूस खरंच सांगत होता. लाज वाटली मला, अशी की तिथून पळून जावंसं वाटलं.

शेजारून पाणी आणून पाजलं, दानियलला रिक्षा घेऊन यायला सांगितलं. चहा टाकायला उठलो, तर हे कोपरावर उठतायत! "राहू द्या, मी..."

"गप पडून राहा!"

पडून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "पडल्या पडल्या रोह्याला जाऊन येतो मी. मनात हो. सगळ्यांची नावं घेतो."

"माझं नाव कुठं येतं?"

"वडखळला. तिथं गाड्या अडकतात, वेळ बक्कळ मिळतो. तुम्हाला जास्त लागतो."

मला हसू आलं. मी पाठ फिरवून साखर शोधत राहिलो.

"पण तुम्ही आज कसे?" मागून आवाज आला. "सोमवारी तुमची ड्युटी नाय. सही पायजे का कशावर?"

नवा तक्ता माझ्या सदऱ्याच्या खिशातच होता.

"नाय हो," मी म्हणालो. "सहज आलो."

"सहज?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं, "सहज आलात?" आणि चादर तोंडावर ओढून घेतली. चादरीखाली त्यांचे खांदे हलत होते.

पाळकीणबाई गेल्यापासून पाच वर्षांत त्या घरात सहज कोणी आलं नव्हतं. मीसुद्धा आलो नव्हतो.