मध्यस्थी समितीचे ‘एक बंधू’

ज्याला मदत करायची त्याचं नाव कुणाला कळू न देणं, हे सुधारलेल्या मंडळीचं पहिलं कर्तव्य आहे. मदत हे दुसरं.

शिवणकाम करणाऱ्या ताईंना हे मान्य होतं, कारण इतरांसाठी प्रार्थना करणाऱ्या चर्चच्या मध्यस्थी समितीत या नियमासाठी त्यांनीच सगळ्यांत आधी हात वर केला होता. पूर्वी प्रार्थनेत नावं घेत. त्यातून देवाला फारसं नवीन काही कळत नसे, पण मागच्या दोन बाकांना बरंच कळे. म्हणून ठराव झाला: फक्त ‘एक बंधू’ किंवा ‘एक भगिनी’ म्हणावं, आणि डोळे किलकिले करून कुणाकडे पाहू नये. (शेवटचं कलम चिटणीसांचं. आपण स्वतः डोळे मिटले असताना इतरांचे उघडे कसे दिसले, हे त्यांनी सांगितलं नाही.)

मग ताईंवरच वेळ आली. त्यांचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. त्याची बायको गेली, त्याला चार महिने झाले. दुकानाचं शटर तेव्हापासून खाली. ताई रोज डबा नेत. तो फटीएवढं दार उघडून आजचा डबा घेई आणि कालचा परत देई, जवळजवळ भरलेला. ताईंनी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. त्याचं एकच उत्तर, मला काही झालेलं नाही. एक दिवस ती फटसुद्धा उघडणार नाही, या धास्तीने ताईंच्या हातून दोन झग्यांच्या बाह्या उलट्या शिवल्या गेल्या.

त्यांनी समितीकडे रीतसर अर्ज दिला. चिटणीसांनी त्यातून ओळख पटवणारा मजकूर खोडला: बायको, घड्याळं, शटर. उरलं ते असं: ‘एक बंधू खचले आहेत. कुणाशी धड बोलत नाहीत. विचारलं तर मला काही झालेलं नाही म्हणतात.’

या वर्णनात मंडळीतले बहुतेक नवरे बसत होते.

एकूण एक्केचाळीस घरांनी मनापासून प्रार्थना केली. त्यांपैकी अडतीस घरांनी बंधूंना अचूक ओळखलं. ओळखलेले बंधू सत्तावीस निघाले. नुसत्या प्रार्थनेवर न थांबता मंडळी कामाला लागली आणि घरोघर सूप पोचू लागलं. निवृत्त हेडमास्तरांकडे एका दुपारी चार पातेली आली. मला काही झालेलं नाही, असं ते म्हणाले, तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली. पाळकसाहेबांनाही दोन पातेली मिळाली. ती त्यांनी निमूटपणे संपवली.

घड्याळजीकडे कुणीच गेलं नाही. ताईंच्या जिभेवर नाव येई आणि त्या ते गिळून टाकत. नियम त्यांचाच होता.

आता, समितीचा निरोप फोनवरून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा पुढे जाई. सतरावा क्रमांक घड्याळजीचा होता. तो चार महिने चर्चला आला नव्हता, पण यादीतून नाव काढायचं तर वार्षिक सभाच लागते. सोळावे होते पाववाले काका. त्यांना कमी ऐकू येतं. त्यामुळे ते पलीकडच्याला बोलू न देता निरोप वाचत आणि फोन ठेवून देत. हाही निरोप त्यांनी घड्याळजीला तसाच वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी ताई डबा घेऊन गेल्या, तर दार सताड उघडं. भावाने दाढी केली होती, हनुवटीला दोन ठिकाणी कापलंही होतं.

“ताई, हे एक बंधू कोण गं?”

ताईंनी दाराची चौकट धरली. “नाव सांगायचं नसतं रे.”

“नको सांगू. पण आडमुठाच दिसतो. एवढी माणसं जीव टाकतायत आणि म्हणे मला काही झालेलं नाही. तुम्ही काय करता, डबा दारात देता आणि जाता?”

“तो आत घेत नाही.”

“म्हणजे काय? आत शिरायचं. समोर बसायचं. असली माणसं डबा घेतात पण खात नाहीत, मला विचार. ये, बस इथे, दाखवतो.”

त्याने दोन ताटल्या मांडल्या. समोरच्याला खायला कसं लावायचं ते ताईंना शिकवता शिकवता त्याने डबा पुसून खाल्ला. ताईंनी मान खाली घातली. शिकणाऱ्याने रडू नये, असा काही नियम नव्हता.

शनिवारी तो सुपासाठी बटाटे सोलायला चर्चमध्ये हजर झाला. आता दर शनिवारी येतो आणि ताईंना हळूच विचारतो, “त्याचं कसं आहे?”

“बरं आहे. परवा हसला म्हणे.”

“बघ. माझी प्रार्थना चालू आहे.”

वार्षिक अहवालात समितीने लिहिलं: फलित झालेल्या प्रार्थना सत्तावीस. घड्याळजी त्यात धरलेला नाही, कारण तो लाभार्थी नसून कार्यकर्ता आहे.

वाचकहो, हे वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे एक माणूस आला असेल. हे त्याला वाचायला द्यावं, असंही वाटलं असेल. जरूर द्या. पण त्याचं वाचून झालं आहे. त्याच्या डोळ्यांपुढे तुम्ही आलात, आणि तो पातेलं घेऊन तुमच्याकडे यायला निघाला आहे.