रेव्हरंड टिलरींचं पुढचं मडगार्ड

रेव्हरंड अँब्रोज टिलरी यांनी रविवारी पहिला सूर लावला आणि त्यांच्या दातांवर लाल माती दिसली. पहिल्या बाकावरच्यांना ती दिसली, तिची कुजबुज दुसऱ्या बाकापर्यंत गेली, आणि दाराशी पांढरे हातमोजे घालून उभ्या असलेल्या सिस्टर ओडेसा गेदर यांच्या नजरेतून तर काही सुटतच नसे.

माती कुठून आली हे गावाला ठाऊक होतं. रेव्हरंडांचं घर डोंगराच्या एका अंगाला, टकर्स गॅपचं चर्च दुसऱ्या अंगाला. दारात गाडी होती, पण गाडीत बसलं की प्रवचन येत नसे. सायकलवर चढ चढताना विचार सुचायचा, माथ्यावर ध्रुपद सापडायचं आणि उतारावर ते मोकळ्या गळ्यानं गाऊन पाहायचे. असा गळा त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. बोलता बोलता ते कधी गाऊ लागले हे कळतच नसे. कळायचं तेव्हा बाकांवरची पंचवीस-तीस म्हातारी माणसं डोलत झील धरत असायची, "सांगा, रेव्हरंड, सांगा" म्हणत असायची आणि ऑर्गन मागून धापा टाकत येत असायचा. पण गाणारा माणूस तोंड उघडतो, आणि डोंगरी सायकलचं पुढचं चाक उतारावर जे काही उचलतं ते नेमकं तिथेच भिरकावतं.

सिस्टर ओडेसांनी त्यांना लहानपणी बायबल शिकवलं होतं, त्यामुळे त्यांच्या लेखी रेव्हरंड अजून सात वर्षांचेच होते. प्रार्थना संपल्यावर त्यांनी रेव्हरंडांना बाजूला घेतलं.

"अँब्रोज, पुढच्या रविवारी तुझ्या अंगावर एक जरी ठिपका दिसला, तर ती सायकल मी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात विकायला ठेवीन. आणि गिऱ्हाईक मीच आणीन."

रेव्हरंड घाबरले ते सायकलसाठी नव्हे. सायकल गेली की डोंगर गेला, आणि डोंगर गेला की प्रवचन गेलं.

शनिवारी ते कॉरिन हेन्सलीच्या सायकलच्या दुकानात गेले. कॉरिनचे हात पाहावेत. चाक नुसतं फिरवून, कान लावून ती सांगायची की कुठली तार ढिली आहे. तिनं मडगार्डं मांडली. एक आखूड, वीतभर, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याखाली प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधायचं. एक लांब, स्क्रूनं बसणारं, टायरच्या पुढे-मागे पसरलेलं. कॉरिन म्हणाली की कुठलंही घ्या, पण आपल्याकडची माती चिकट, टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर फट हवीच.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुकानात दर रविवारी डोंगरावर सायकल हाकणारे पोस्टमन लाइल आणि दातांचे डॉक्टर बर्जेस होते, आणि दोघांनाही धर्मोपदेशकाला उपदेश करायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. लाइलचं म्हणणं, लांब मडगार्ड नसेल तर माणसानं घरी बसावं. डॉक्टरांचं म्हणणं, लांब मडगार्ड ही भित्र्यांची छत्री. खरा सायकलवाला आखूडच लावतो. तासाभरानं दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले.

रेव्हरंडांनी आयुष्यभर भांडणाऱ्या नवरा-बायकोला 'तुमचंही खरं, तुमचंही खरं' असं सांगून घरी पाठवलं होतं. त्यांनी दोन्ही घेतली.

"एकावर एक बसवणार?" कॉरिननं विचारलं. "अहो, मग फट कुठे उरली?"

"उद्या डोंगरावर दोघंही भेटणार, बाई. कुणाचं मन मोडू?"

कॉरिननं बसवून द्यायला साफ नकार दिला. रेव्हरंडांनी घरी स्वतःच बसवली, वर लांब, आत आखूड.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी माथ्यावर ध्रुपद सापडलं, उतार सुरू झाला, आणि काय सांगावं, तोंडावर थेंबसुद्धा नाही. रेव्हरंडांनी वरचा सूर लावला. ओढ्याजवळ लाल चिखल दोन मडगार्डांत शिरला, तिथे बसला, अजून थोडा बोलावून घेतला, आणि पुढचं चाक थांबलं. रेव्हरंड थांबले नाहीत. ते सुरासकट हँडलवरून पुढे गेले आणि चिखलात पालथे पडले.

त्या डोंगरावर पडलेल्याला ओलांडून कुणी जात नाही. मागून लाइल आला, थांबला. डॉक्टर आले, थांबले. लाइल म्हणाला, आखूड आडवं आलं. डॉक्टर म्हणाले, लांब मडगार्डनं घात केला. बघता बघता नऊ सायकलवाले जमले आणि दोन तट पडले. शेवटी कॉरिन आली. तिनं पट्ट्या कापल्या, स्क्रू काढले, बोटांनी चिखल उकरला आणि चाक फिरवून दिलं.

"चिखलानं तुमचा एक डोळा तर उघडतच नाही," ती म्हणाली. "मी पुढे राहते. मी ओरडेन तसं वळा."

वाटेत झाडाचं मूळ आलं तशी कॉरिन ओरडली, "मूळ आहे, डावीकडून." रेव्हरंडांनी सवयीनं ते सुरात म्हटलं. मागच्या नऊ जणांनी आपापल्या मागच्याला सांगितलं, तेही त्याच सुरात. "दगड आहे, जपून." "दगड आहे, जपून." वीस मिनिटांत डोंगर उतरेपर्यंत प्रवचन तयार झालं होतं, झीलकऱ्यांसकट.

चर्चच्या दारात सिस्टर ओडेसा उभ्या होत्या. समोरून डोळे आणि दात तेवढे ओळखू येणारे रेव्हरंड आले. त्यांच्यामागे दहा लाल माणसं, दारात पाऊल न टाकता घोटाळणारी. सिस्टरांनी रेव्हरंडांकडे पाहिलं, मग मागे पाहिलं आणि एकेक तोंड मोजलं. मग वळल्या, कपाटातून ईस्टरचे टेबलक्लॉथ काढले आणि मागच्या रिकाम्या बाकांवर पसरले.

त्या दिवशी रेव्हरंड जे गायले त्याला तोड नव्हती. 'मूळ आहे, डावीकडून' असं ते म्हणत आणि मागचे बाक गरजत. लाइल आणि डॉक्टर खांद्याला खांदा लावून झील धरत होते. प्रार्थनेनंतरच्या जेवणात तळलेली कोंबडी कमी पडली, अशी वेळ चर्चवर कैक वर्षांत आली नव्हती.

सोमवारी सिस्टर ओडेसा कॉरिनच्या दुकानात शिरल्या. आता बोलणी खावी लागणार म्हणून कॉरिननं हात पुसले आणि माफीची सुरुवातही केली. सिस्टरांनी हातानंच तिला थांबवलं. पुढची मडगार्डं सगळी दाखव म्हणाल्या. प्रत्येक हातात घेतलं, वाकवलं, उजेडात धरलं.

"यातलं सगळ्यात लवकर तुंबणारं कुठलं?"

"अहो, रेव्हरंड पुन्हा पडतील की."

"मऊ ठिकाणी पडतो तो. मी नीट बघितलंय, एक ओरखडा नव्हता. आणि तुम्ही सगळी थांबता ना त्याच्यासाठी?"

"थांबतो."

"मग झालं तर," सिस्टर ओडेसा पर्स उघडत म्हणाल्या. "मडगार्डचं तू बघ. पावसाचं मी प्रार्थनेत बघते."