आबा गाडीत आणि काटा लाल रेघेवर

जिजींच्या घरातून आजवर एकही वस्तू दुरुस्तीसाठी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती! मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची ऑपरेशनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जिजींच्या नजरेसमोर झाली होती. घड्याळाचा मोठा काटा त्यानंतर मधूनच दम खायला थांबायचा, पण चालायचा की नाही? चालायचा!

त्यामुळे गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला आणि गॅरेजवाला "दोन दिवस गाडी सोडून जा" म्हणाला, तेव्हा जिजींनी थोरल्या मुलाकडे असं पाहिलं, जणू तो आईलाच दोन दिवस तिथे सोडून येणार होता.

"काय झालंय म्हणे त्याला?"

"गॅस कमी झाला असेल, जिजी. भरावा लागेल."

"गॅसच ना? मग मी इतकी वर्षं शेगडीत काय पाणी भरतेय?"

झालं! ठरलं. रविवारी भर उन्हातून लेकीकडे जायचं होतं. मागच्या खेपेला जिजी तिथे पोचल्या, तेव्हा लेकीने त्यांना आधी ओळखलंच नाही आणि मग ओल्या चादरीसारखं पंख्याखाली पसरून ठेवलं. ते पुन्हा नको होतं.

थोरल्याने गॅसचा डबा आणला. दिसायला डासांच्या फवाऱ्यासारखा, त्याला हातभर नळी आणि नळीवर गोल तबकडी. तबकडीत हिरवा पट्टा, लाल पट्टा आणि एक काटा.

"काटा हिरव्यात असला की बरं. लालमध्ये गेला की थांबायचं," थोरला म्हणाला.

सूनबाईंनी डबा उलटसुलट करून पाहिला. त्यांना छापलेलं सगळं वाचायची खोड आहे, त्याला कोण काय करणार! "अहो, इथे लिहिलंय, दाब फार वाढला तर डबा फुटू शकतो."

"ते सगळ्याच डब्यांवर लिहितात," जिजी म्हणाल्या. पण पदर मात्र त्यांनी कमरेला खोचला.

आता जिजींच्या घरात गॅस बदलायची एक रीत होती. नवीन सिलिंडर आला की घरातली माणसं बाहेर, खिडक्या सताड उघड्या, दिवे-पंखे बंद आणि मग जोडावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला तर गॅस गळतोय. नाही आला तर माणसं आत. या रीतीने घर आजवर शाबूत राहिलं होतं, तेव्हा गाडीलाही तीच रीत! जिजींनी घरातली शेगडी बंद केली. शेजारचे टेलरमास्तर कुंपणावरून डोकावत होते, त्यांचीही बंद करायला लावली.

"वहिनी, माझा चहा होत आला होता!"

"चहा पुन्हा होईल. तुम्ही पुन्हा व्हाल का?"

मास्तर मुकाट्याने आत गेले आणि शेगडी बंद करून लगबगीने परत कुंपणाशी आले. असला तमाशा चहासाठी कोण सोडतो!

राहिले आबा. म्हणजे जिजींचे यजमान. गाडीच्या आत बसून हवा गार येतेय का ते सांगायला कुणीतरी हवं होतं, आणि बाहेर ज्याचा काडीचा उपयोग नाही असा माणूस घरात एकच होता.

"अहो, पुढच्या सीटवर बसा. काचा बंद, दार बंद. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. कळलं?"

"मी बाहेर बसलो असतो तर..."

"बसा म्हटलं ना!"

आबा बसले. दार जिजींनी स्वतःच्या हाताने लावलं, तेही दाणकन. हे लक्षात ठेवा. जिजींच्या तर पुढे ते फारच लक्षात राहिलं.

थोरल्याने गाडी चालू केली, एसीचं बटण दाबलं, पंखा पूर्ण जोरात लावला, चावी तिथेच ठेवून बाहेर आला आणि बॉनेट उघडलं. आत शोधत शोधत त्याला बारक्या टोपणाची नळी सापडली. डब्याची नळी तिच्यावर 'कट्ट' करून बसली. काटा हिरव्यात जाऊन उभा राहिला.

"बघा!" जिजी म्हणाल्या. "गॅरेजवाल्याला दोन दिवस लागणार होते!"

मग त्यांनी वाटीतला साबणाचा फेस बोटाने जोडावर लावला. आणि...

बुडबुडा आला!

एक आला. त्याच्यामागून दुसरा आला. मग त्या दोघांनी सगळं खानदान बोलावलं. फेस फुगत चालला.

"थोरल्या, गळतंय रे!"

"थोडं गळणारच जिजी, नळी नीट... अगं, काटा बघ!"

काट्याने हिरवा पट्टा सोडला होता. सरकत सरकत तो लालच्या काठाशी आला आणि मागचापुढचा विचार न करता आत घुसला. त्याच क्षणी बॉनेटमधला मोठा पंखा 'घुर्रर्र' करून सुरू झाला. खवळलेल्या बैलाने फुत्कार टाकावा तसा!

त्यानंतर कोण कसं पळालं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. सूनबाईंची एक चप्पल गाडीशी राहिली. थोरला कुंपणावरून उडी मारून मास्तरांच्या बाजूला पडला. या माणसाला एरवी पायरी चढताना धाप लागते! जिजी पाण्याच्या टाकीमागे पोचल्या तेव्हा त्यांच्या हातात साबणाची वाटी तशीच होती, आणि काळीज कुठे होतं ते देवाला ठाऊक.

"डबा फुटणार!" सूनबाई टाकीमागून किंचाळल्या.

"फुटला तर?"

"तर तिथे जो असेल तो..." बोलता बोलता त्या थांबल्या.

सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. तिथे आबा होते!

उघड्या बॉनेटच्या फटीतून काचेमागे आबांचं डोकं दिसत होतं. शांत. सरळ. पुढे हातभर अंतरावर लोंबणारा डबा, आणि हे आपले बसलेत देवळातल्या मूर्तीसारखे!

"आबा! बाहेर या!" थोरला ओरडला.

"अहो! उतरा खाली!" जिजी ओरडल्या.

"आबासाहेब! पळा!" मास्तर ओरडले. ते मात्र ओरडताना कुंपणाखाली वाकले होते, त्यामुळे आवाज त्यांच्याच घरात गेला.

आबांनी एकदा डोळे उघडून इकडे पाहिलं. टाकीमागे उभं राहून हातवारे करणारी बायको त्यांना दिसली. आणि त्यांनी काय करावं? चटकन डोळे मिटून घेतले! एवढंच नाही, हात लांब करून दाराचं लॉक खाली दाबलं!

"अरे देवा, त्यांचं डोकं फिरलं! गॅस डोक्यात गेला!" सूनबाई म्हणाल्या.

"फोन लावा त्यांना!" मास्तरांनी सुचवलं.

थोरल्याने लावला. आबांचा फोन स्वयंपाकघरातल्या खिडकीत आनंदाने वाजू लागला. तो कायम तिथेच असतो, म्हणजे हरवत नाही.

"झोप लागली असेल हो," मास्तर समजूत घालायला म्हणाले. "आबांना काय, कुठेही झोप लागते."

जिजींनी डोळे बारीक करून काचेकडे पाहिलं.

"तोंड मिटलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तोंड मिटलंय त्यांचं! लग्न झाल्यापासून हा माणूस तोंड मिटून कधी झोपलेला नाही! रात्रभर विहिरीसारखं उघडं असतं! हे झोपणं नव्हे रे... हे काहीतरी वेगळं आहे!"

गाडीचा पंखा घुरघुरत होता. डब्यावर पांढरं दव धरलं होतं आणि फेसाचा एक मोठा गोळा जोडावरून सुटून 'थप्प' करून खाली पडला. तेवढ्या आवाजाने सगळे जागच्या जागी खाली बसले!

'बाहेर बसलो असतो तर' असं म्हणत होता बिचारा. बिचारा! हा शब्द त्यांनी नवऱ्यासाठी आजवर वापरला नव्हता आणि आता वापरायला तो उरतो की नाही, याची धाकधूक! 'मीच बसवलं. मीच दार लावलं. दाणकन लावलं!' उद्यापासून भांडायचं कुणाशी? मास्तरांशी? ते तर दोन वाक्यांत हार मानतात!

थोरला कुंपणावर पाय टाकत होता. चेहरा पिठासारखा पांढरा. "जिजी, मी जातो."

"तू हलायचं नाहीस! तुला पोरं आहेत!"

आणि जिजी घरात शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सगळ्यात मोठ्या पातेल्याचं झाकण होतं. ते छातीशी धरून, पदर दातांत घेऊन, त्या गाडीकडे निघाल्या. पाय एक पाऊल पुढे टाकत होते आणि अर्धं मागे घेत होते. 'आता फुटेल, आता फुटेल' असं मनात चाललं होतं आणि पदराआडून मात्र शिव्या. डब्याला, गॅरेजवाल्याला, थोरल्याला, आणि गाडी ज्याने शोधून काढली त्या परक्या माणसालाही!

दारापाशी पोचल्या. झाकणाने काचेवर 'ठाण' करून हाणलं.

आबांनी एक डोळा उघडला. बायको, हातात ढाल, दातांत पदर. मिटला!

"अहो!!" ठाण! "उघडा!!" ठाण!

आबांनी लॉक काढलं. दार उघडलं. आणि जिजींच्या तोंडावर भट्टीसारखी गरम हवा आली.

"जिवंत आहात?"

"आहे," आबा बारीक आवाजात म्हणाले. "फार रागावलीस का? मी लगेच परत लावतो. शपथ!"

"काय लावता?"

"बटण गं. एसीचं. तुम्ही सगळे त्या डब्यात गुंतलात तसं बंद केलं मी. नेहमीच करतो. गार वारा थेट गुडघ्यांवर येतो, कळा मारतात नुसत्या. त्या बटणाचा दिवा गेलाय, त्यामुळे कुणाला कळत नाही. तू तिकडून हात नाचवायला लागलीस, मला वाटलं, आज पकडलं हिने. म्हणून म्हटलं, झोपलोय असं दाखवावं."

जिजींच्या तोंडातून पदर सुटला. म्हणजे महिनाभर एसी धडधाकट होता? आणि हे पेपर वाचायचं सोंग करून, पेपराआडून एक बोट...

रागाने त्यांनी हात आत घातला आणि ते बटण असं दाबलं, जणू आबांचा गळाच आहे.

"जिजी, कशालाही हात लावू नकोस!" थोरला कुंपणापलीकडून ओरडला.

पुढे इंजिनात 'टक्क' झालं. काहीतरी गुरगुरत फिरू लागलं. सगळ्यांनी डोळे मिटले, कानांत बोटं घातली. काहीच फुटलं नाही! मग सूनबाईंनी एक डोळा उघडला.

"अहो, काटा! काटा हिरव्यात आला!"

थोरला कुंपण उतरून आला आणि साप पकडल्यासारखा हात लांब करून त्याने नळी सोडवली. "एसी बंद असला की काटा वरच जाणार जिजी," तो कपाळ पुसत म्हणाला. "मला वाटत होतं, एसी चालूच आहे."

"मलाही बऱ्याच गोष्टी चालू आहेत असं वाटत होतं," जिजी आबांकडे बघत म्हणाल्या.

आबा खाली उतरले. जिजींच्या हातातलं झाकण अजून छातीशीच होतं. ते ठेवायला त्या बघत होत्या, पण बोटं उघडेनात. आबांनी एकेक बोट सोडवून झाकण काढून घेतलं.

"तू कशाला आलीस गं? थोरल्याला पाठवायचं होतंस."

"त्याला पोरं आहेत."

"आणि तुला?"

"मला एक म्हातारा आहे! तोही चोरून बटण दाबणारा!"

एवढं बोलल्या आणि पाय थरथरायला लागले, म्हणून त्या झटकन पुढच्या सीटवर बसल्या. आबा स्टिअरिंगच्या बाजूने येऊन शेजारी बसले. आता गल्लीतली चार-सहा माणसं जमली होती. मास्तर त्यांना सांगत होते, "घरच्या घरी केला दुरुस्त! मी आणि थोरल्याने मिळून!"

"जिजी, गार येतंय ना?" थोरल्याने काचेवर टकटक करून विचारलं.

"एकदम फर्स्टक्लास!" जिजी म्हणाल्या आणि लोकांना दिसेल अशी मान डोलावली.

येत होतंच. असं गार येत होतं, की जिजींच्या कानांच्या पाळ्या बधिर झाल्या. उतरावं तर पाय उभे राहीनात. बंद करा म्हणावं, तर इतक्या लोकांसमोर म्हणायचं कसं? त्या ताठ बसल्या. दात वाजू लागले, तर ओठ घट्ट मिटले. मग तो वारा हळूहळू खाली सरकला आणि नेमका गुडघ्यांवर येऊन बसला.

बराच वेळ त्यांनी कळ काढली. शेवटी समोरच्या गर्दीकडे पाहून हसत, ओठ अजिबात न हलवता त्या म्हणाल्या,

"अहो... ते तुमचं बटण... जरा दाबता का? कुणाला दिसू न देता!"