मागच्या धडातला पंखा

वरच्या खोलीतला निलेश घरात येताना आधी शेपटी काढतो, मग चपला. शेपटी जिन्यातल्या खुंटीला. पहिल्यांदा मला वाटलं घोरपडच हाय, चांगली झाडूनं बडवली. तो वरून ओरडला, "मावशी, दोन महिन्यांचं काम आहे ते!"

बँकेत नोकरी, वय चौतीस, पण सुट्टीच्या दिवशी ड्रॅगन होतो. चित्रांच्या पुस्तकातला, आग ओकणारा. योगाच्या चटया कापून, चिकटवून, हिरवा रंग मारलेला. नाशकात असल्या पुस्तकवेड्यांची वर्षातून एकदा जत्रा भरते, सगळे सोंगं घेऊन जातात. दूध उतू गेलं, गाडी पंक्चर झाली, याचं आपलं एकच, "ड्रॅगनला काय फरक पडतो!"

हा ड्रॅगन दोन माणसांचा. पुढं निलेश, मागं कुणाल. कुणाल मनमाडचा, याच खोलीत राहायचा. दोघांचं प्रेम होतं, नवराबायकोचं असतं तसं. मला कोणी सांगितलं नाय. पण दोघांच्या चपात्या मी करायची. शेवटची चपाती कोण कोणाच्या ताटात ढकलतो ते दिसतं. मग एकदा कुणालचा भाऊ आला, आन् कुणाल त्याला म्हणला, "हा माझा रूम पार्टनर." झालं. निलेश बोलेना, कुणाल सामान घेऊन गेला. सहा वर्षं झाली. तेव्हापासून निलेश मागचं धड नुसतं फरफटत न्यायचा.

माझा नवरा गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी मी कांदे निवडायला गेले. पोरं उपाशी, रडायला टाइम कुठं. म्हणून मी निलेशला कधी काय विचारलं नाय. भाजी जास्त वाढायची, बस.

यंदा मात्र जत्रावाले म्हणले, चार पाय नसतील तर स्टेजवर घेणार नाय. आन् कुणाल येणार, हे याला कुठनं तरी कळलेलं. जत्रेच्या दिवशी सकाळपासून तीनदा दाढी केली. ड्रॅगनच्या तोंडात कोण बघतंय!

"मावशी, मागे तुम्ही या. फक्त वाकून चालायचं."

म्हणलं, जन्मभर वाकूनच चालले. लुगडं खोचलं न् शिरले मागच्या धडात.

आत अंधार. पण तोंडावर गार वारं लागलं. सेलवरचा बारका पंखा.

"पुढं पण हाय का रे?"

"नाही. कुणालला घाम फार येतो."

"मागं तर कोणीच नसतं!"

"सेल नवे आहेत," एवढंच म्हणला.

हॉलात पोचलो, तर बाहेरून ओळखीचा आवाज. "मागे कोणाला घेतलंस?"

"ड्रॅगनला काय फरक पडतो!" निलेश म्हणला. पण आवाजाकडं असा गर्रकन वळला, की मी पण फरफटले.

कुणालनं शेपटी उचलली. "मावशी, तुम्ही?"

"आधी बाहेर काढ, कंबर गेली."

हसून हसून तो खालीच बसला. मी म्हणलं, "आत पंखा हाय. सहा वर्षं सेल बदलतोय हा. मला काय एवढं उकडत नाय."

हसायचा थांबला. वाकला न् आत शिरला.

स्टेजवर माइकवाल्यानं विचारलं, "पुढे निलेश. मागे कोण?"

ड्रॅगनच्या पोटातून आवाज आला, "कुणाल! त्याचा माणूस!"

पुढचे दोन पाय तिथंच मटकन बसले. बक्षीस कुठलं मिळतंय!

त्या दिवशी कणीक जास्त मळली. तरी शेवटची चपाती गार झाली. या ताटातून त्या ताटात नुसती फिरत राहिली.