काकांचं अंडं

दगाजी आप्पा वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एका पक्ष्याला ‘अहो काका’ म्हणत.

मला हे ठाऊक नव्हतं. धुळ्याहून नंदुरबारच्या शाळेत माझी बदली झाली होती आणि आप्पांच्या शेजारची दोन खोल्यांची जागा भाड्याने मिळाली होती. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, “काका, उठा आते. दिन डोकावर ऊना.” मी बायकोला म्हटलं, शेजारी कुणीतरी वडीलधारं माणूस दिसतंय, संध्याकाळी पाया पडून येऊ.

संध्याकाळी गेलो. ओट्यावर आप्पा बसले होते. काळी टोपी, पांढऱ्या मिशा, आणि खांद्यावर कबुतराहून जरासा थोराड, पांढराशुभ्र पक्षी. चोच पोपटासारखी वाकडी. “ह्या मन्हा काका,” आप्पा म्हणाले. बायको नमस्काराला निम्मी वाकली होती, ती तशीच राहिली. पक्ष्याने डोक्यावरचा तुरा उभा करून आम्हा दोघांना न्याहाळलं आणि पुन्हा पाडला. बहुधा आम्ही पसंत पडलो नव्हतो.

“काकाकुवा म्हणतस यासले,” आप्पांनी खुलासा केला. “येवढं मोठं नाव रोज कोन ली?”

आप्पा मिरचीचे व्यापारी. सुरतेच्या एका म्हाताऱ्या शेठकडे त्यांचा माल जाई. त्या शेठचा जन्म रंगूनच्या व्यापारात गेलेला, परतताना त्याने हा पक्षी आणला होता. पुढे तो मुलाकडे राहायला निघाला, सुनेला पक्षी नको होता, म्हणून त्याने तो आप्पांना देऊन टाकला. आप्पा सुरतेहून नंदुरबारपर्यंत पिंजरा मांडीवर घेऊन बसून आले. डब्यातल्या प्रत्येक माणसाने पोपट पांढरा कसा, म्हणून विचारलं. आप्पांनी प्रत्येकाला सांगितलं, वयाने.

त्यांचं असंच असे. त्यांना न येणारं उत्तर नव्हतं.

नंदुरबारला हिवाळ्यात गावाबाहेरची मैदानं लाल होतात. ओल्या मिरच्या गाड्या भरभरून येतात, त्यांचा लिलाव होतो आणि मग त्या उन्हात पसरतात. त्याला पथारी म्हणतात. वारा गावाकडे वळला की अख्खं गाव ठसकतं. मी फळ्याकडे तोंड करून शिंकायचो, वर्ग माझ्या पाठीमागे शिंकायचा. काका मात्र पथारीवर आप्पांच्या खांद्यावर बसून मिरची पायात धरत, सोलत आणि बी चघळत. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. आप्पांना याचा फार अभिमान. लिलावाला ते ढिगातली एक मिरची काकांना देत. काकांनी खाल्ली तर बोली लावायची, टाकली तर पुढच्या ढिगाकडे वळायचं. “हाऊ माल काकाले पटना नही,” म्हणत ते निघाले की ढिगाच्या धन्याचा चेहरा बघण्यासारखा होई.

एकदा मी त्यांना शास्त्र शिकवायला गेलो. म्हटलं, “आप्पा, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. काकांना सगळी मिरची सारखीच.”

“मास्तर,” आप्पा शांतपणे म्हणाले, “तुमले लागस ना तिखट? मंग तुम्ही सांगा, कोनता ढीग लेऊ?”



काकांना तिखट लागत नसलं तरी शिंक मात्र येऊ लागली. म्हणजे दिवसभर माणसं शिंकताना ऐकून त्यांनी ती उचलली. हुबेहूब, आधीच्या त्या श्वासासकट. आणि ती ते नेमकी कुणी उंबरठा ओलांडायला लागलं की काढत. आमच्या गल्लीत निघताना शिंक म्हणजे परत फिरायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. लोक पाणी पिऊन उठत, की काका पुन्हा शिंकत. माझे सासरे चार दिवस राहून सुरतेच्या गाडीला निघाले तेव्हा ते पाच वेळा पाणी प्यायले आणि गाडी चुकली. “पक्षी आहे हो तो,” मी म्हणालो. “शिंक ती शिंक,” असं म्हणून ते आणखी तीन दिवस राहिले. तेव्हापासून काकांबद्दलचं माझं मत थोडं कलुषित होतं.

अशात एका माघातल्या सकाळी आप्पा बोडक्या डोक्याने बाजारात गेले.

आज याचं कुणाला काही वाटणार नाही. पण तेव्हा आप्पांच्या वयाचा माणूस उघड्या डोक्याने रस्त्यावर दिसला तर त्याचा एकच अर्थ होता. दुपारपर्यंत ओटा भरला. माणसं आली, चपला काढून, माना खाली घालून मुकाट बसली. दोघी बाया तर पदर तोंडाशी धरूनच आल्या. बराच वेळ गेल्यावर एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने हळूच विचारलं, “कोन गयं, आप्पा?”

“कोनी नही गयं,” आप्पा म्हणाले. “काकाले अंडं व्हयनं. मन्ही टोपीमा.”

मंडळींना काय करावं कळेना. रडायला आलेल्या माणसाला एकदम हसता येत नाही. कोनाड्यात टोपी उलटी पडली होती आणि तिच्यात काका पिसं फुगवून बसले होते. शेवटी एका बाईने पदर तोंडावरून काढला आणि ती म्हणाली, आता काकी म्हणायला हवं. आप्पांना ते पटलं नाही. “नाव बदलाले लगीन व्हयनं का तिनं?” तेवढं मात्र सगळ्यांना रीतसर वाटलं.

आठवडाभर गल्ली हसत होती. मग आप्पा हसेनासे झाले. काका अंड्यावरून उठतच नव्हत्या. मिरची पुढे धरली तर तोंड फिरवत. शेंगदाणे नाहीत, पेरू नाही. छातीचं हाड हाताला लागू लागलं. आणि शिंक बंद झाली. लोक सरळ उंबरठा ओलांडून जात होते आणि मला, खरं सांगतो, ते बरं वाटत नव्हतं.

रविवार होता. ऐन हंगामातला मोठा लिलाव होता आणि आप्पा गेले नव्हते. मला वाटलं, आपण शिकलेले, हे काम आपलंच. मी जाऊन म्हटलं, “आप्पा, अंडं काढून घ्या. नराशिवाय घातलेलं आहे. वांझोटं आहे ते, त्यातून कधीच काही निघणार नाही. ती मात्र उपाशी मरेल.”

आप्पा कोनाड्याखाली पाटावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “तो शब्द ह्या घरमा नका बोलू, मास्तर.”

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दोन्ही तळवे एकमेकांवर मिटलेले, वर उपरणं. टोपी रिकामी होती. खाली, त्यांच्या पायाशी, काका परातीतली मिरची सोलून खात होत्या. घाईघाईने, मधूनमधून मान वर करून त्या ओंजळीकडे बघत.

“कालदिन समजनं,” आप्पा म्हणाले. “कोनी तरी धरी बठाले पाहिजे. तवयच उठस ती. दिनमा चार येळा.”

“पण त्यातून काही—”

“माले माहीत शे. तिले माहीत नही.”

त्यांची बायको आठ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नव्हतं, एवढंच मला ठाऊक होतं. आप्पा ओंजळीकडे बघत बोलू लागले. “मन्ही घरवालीनी बारा वरीस वाट देखी. मंग धुळाना डॉक्टरनी माले सांगं, आते काही व्हनार नही. मी घर ऊनू, उंबरठावरच तिले सांगी दिधं नि पथारीवर निंघी गऊ. मिरच्या ऊन्यात व्हत्या ना. ती दिनभर एकली बठेल व्हती, मास्तर. मी संध्याकायले ऊनू तवय बी तठेच बठेल व्हती.” त्यांनी उपरणं अंगठ्याने सारखं केलं. “तवय बठाले पाहिजे व्हतं मी. मिरची काय, दुसरा दिन बी येती.”

मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. काका खातच होत्या.

“तुम्ही जेवलात का, आप्पा?” मी विचारलं.

“कसा जेवू? हात कोठे मोकळा शे?”

मी पाटाशेजारी मांडी घातली आणि ओंजळ पुढे केली. त्यांनी ते अंडं माझ्या हातात दिलं, उपरणं नीट गुंडाळलं, माझी बोटं मिटवून बघितली आणि भाकरी काढायला आत गेले. अंडं लहान होतं आणि चांगलं ऊबदार. काकांनी मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग पुन्हा मिरचीत चोच घातली.

आप्पा सावकाश जेवले. मी हात हलवला नाही.