काटासाहेबांची तपासणी

"ज्याला काही झालेलंच नाही, त्याला तपासायचं कशाला?" काटासाहेबांनी विचारलं आणि इमारतीच्या जिन्यापाशी चिकटवलेला कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. खालच्या सभागृहात रविवारी आरोग्यखात्याची माणसं चाळिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब मोफत तपासणार होती. ज्यांना कसलाही त्रास नाही त्यांनी तर मुद्दाम यावं, असंही लिहिलं होतं. 'मोफत' आणि 'मुद्दाम' एकाच कागदावर आलेले बघून साहेबांचं मत तिथेच झालं. "ह्यात काहीतरी काळंबेरं आहे."

काटासाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी जन्म काढला होता, आणि ते दुकानात शिरले की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळत असे. नोकरीतून ते गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण संशयाला निवृत्तीचं वय नसतं. अजूनही साबणाची वडी घरात आली की आधी त्यांच्या तळहातावर तोलली जाई आणि मगच मोरीत जाई.

"थोरले भाऊजीही धडधाकटच होते की," वहिनी म्हणाल्या. सगळी इमारत साहेबांच्या बायकोला वहिनीच म्हणायची. "सकाळी फिरून आले, चहा मागितला, आणि चहा उकळेपर्यंत गेले. कोणी वेळेवर तपासलं असतं तर?"

साहेबांचे हे भाऊ गेल्यापासून वहिनींनी एकच ध्यास घेतला होता. काहीही करून नवऱ्याचा दंड एकदा रक्तदाबाच्या पट्ट्यात अडकवायचा. साहेबांनी आठवडाभर किल्ला लढवला आणि शेवटी एका अटीवर शरण गेले.

"येतो. पण तपासून घ्यायला नाही. तपासायला."

रविवारी ते आपली पितळी वजनं पिशवीत घालून सभागृहात उतरले. टेबलाशी एक सिस्टर बसली होती. शेजारी माणसं तोलायचं यंत्र होतं. साहेबांनी कोणाला न विचारता त्यावर आपली वजनं मांडली. यंत्र चक्क दोन किलो जास्त दाखवत होतं.

सभागृहात आनंदीआनंद झाला. मघाशी यंत्रावरून हिरमुसून उतरलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "तरीच! मी तर रात्रीची जेवतसुद्धा नाही." सिस्टरने यंत्र निमूटपणे टेबलाखाली सरकवलं. साहेबांना फार दिवसांनी बरं वाटलं.

"आता हे," त्यांनी रक्तदाबाच्या यंत्राकडे बोट दाखवलं. "ह्याच्या खरेपणाची खात्री काय?"

"काका, नवीन आहे ते."

"नवीन चोर चोर नसतो का? काटा तपासायचा तर वजन खात्रीचं लागतं. इथे खात्रीचं कोण आहे?" त्यांनी सभोवार नजर फिरवली. जमलेल्यांपैकी कोणीही त्यांना खात्रीचं वाटलं नाही. मग त्यांनी स्वतःचीच बाही वर केली. "लावा. तीनदा लावा. माप तीनदा घ्यावं."

सिस्टरने तीनदा पट्टा फुगवला. तिन्ही वेळा आकडा उत्तम आला, आणि तिन्ही वेळा जवळपास तोच आला. "यंत्र खरं आहे," ते मोठ्या कष्टाने म्हणाले.

एवढं ऐकायचीच खोटी. दाराशी हाताची घडी घालून उभे असलेले सगळे भराभर रांगेत आले. काटासाहेबांनी पास केलं म्हणजे विषय संपला. कोपऱ्यावरचा किराणावालासुद्धा बाही सरसावून बसला आणि ठणठणीत निघाला.

"चला, झालं ना तुमचं? जीव भांड्यात पडला माझा," म्हणत वहिनींनी पिशवी उचलली आणि त्या दाराकडे निघाल्याही.

साहेबांना शंका आली. आठवडाभर वाद घालणारं माणूस एवढ्या लगबगीने काढता पाय का घेतंय? आपल्याला बघून घाईघाईने दुकान बंद करणारे त्यांनी बरेच पाहिले होते.

"तुझं राहिलं."

"मला काय धाड भरलीय? कपडे भिजत घालून आलेय मी."

"कपडे आणखी भिजू देत. बस."

वहिनी बसल्या. पट्टा फुगला, सुस्कारा टाकून खाली बसला. सिस्टरने पट्टा सैल केला. "काकू, शांत बसा जरा. परत बघू."

"किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"एकशे ऐंशीच्या वर."

"पंख्याची हवा लागतेय," साहेब म्हणाले. "आणि टेबल हलतंय. शिवाय ती आत्ताच जिना उतरून आलीय."

"साहेब," किराणावाला बाहीचं बटण लावत म्हणाला, "पंख्याची हवा, हलतं टेबल, हे सगळं मी पण सांगितलं होतं. तुम्ही माझा काटा उचलून नेलात." बोलून गेल्यावर वहिनींचा चेहरा त्याच्या नजरेला पडला, आणि तो ओशाळला.

सिस्टरने थांबून थांबून आणखी दोनदा माप घेतलं. आकडा हलला नाही. खोटे काटे पकडण्यात जन्म घालवलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच वाटलं की हा एक काटा खोटा निघावा. पण तो खरा असल्याचं भर सभेत त्यांनीच सांगितलं होतं.

"डोकं दुखतं का हो काकू?"

"सकाळी उठल्यावर दुखतं. बरेच महिने झाले."

"मला नाही बोललीस?" साहेबांनी विचारलं.

"बोलून काय? तुम्ही गोळीचं वजन करत बसला असता." वहिनी थोडं हसल्या. "आणि माझं लक्ष तुमच्याकडे होतं ना."

गावभरचा गुंजभर फरक साहेबांच्या नजरेतून सुटला नव्हता, आणि हा घरातलाच सुटला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"घाबरू नका," सिस्टर म्हणाली. "वेळेवर सापडलं. ह्यासाठीच तर आम्ही धडधाकट माणसांना बोलावतो. उद्या डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुरू होतील, आणि मीठ कमी करा."

गोळ्या सुरू झाल्या. मिठाचा मात्र प्रश्न होता, कारण त्या बाबतीत वहिनींचा हात पहिल्यापासून सढळ. तेव्हा स्वयंपाक साहेबांनी आपल्याकडे घेतला. पहिल्याच दिवशी वहिनींनी भाजीचा घास तोंडात घातला आणि त्या थांबल्या.

"मीठ घातलंत?"

"घातलं."

"किती?"

"नेहमीइतकंच. एक चमचा."

"भरून?"

साहेबांनी त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली. वहिनींनी हात पुढे केला. "तो चमचा दाखवा बघू."

साहेबांनी तो इवलासा चमचा पाठीमागे लपवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मापात पाप केलं होतं, आणि उद्याही करायचं हे त्यांचं ठरलेलं होतं.