गवताच्या ट्रॅक्टरची सीट

गांगुर्डे काकांच्या गवताच्या ट्रॅक्टरला हात लावायची सगळ्यांना मुभा होती, बूड लावायची नव्हती. प्लग काढा, टाकी उघडा, चाकं खोला, काका हाताची घडी घालून शांत उभे. पण खटपट करून दमलेला एखादा त्या सीटवर टेकायला गेला, की काका खेकसायचे, "हट्! खडा रहो!" आमच्या कॉलनीतली मांजरंसुद्धा त्या सीटवर चढायची नाहीत.

काका लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. जन्म गेला देवळाली कॅम्पात गाड्या दुरुस्त करण्यात. नव्वदच्या सुमारास तिथल्या एका पारशी म्हाताऱ्यानं बंगला विकला, तेव्हा त्याचं हे यंत्र काकांनी टेम्पोत घालून नाशिकरोडला आमच्या कॉलनीत आणलं. वर माणूस बसतो, पोटाखाली पाती फिरतात आणि गवत कापलं जातं, असं ते लाल प्रकरण. आम्ही सगळे त्याला ट्रॅक्टरच म्हणायचो. हा पांढरा हत्ती कशाला आणला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "साहेबांच्या बंगल्यापुढं असतं तसं लॉन हिला पाहिजे होतं. आयुष्यात एवढं एकच मागितलं हिनं."

काकूंनी कॉलनीच्या मधल्या मोकळ्या जागेत मूठमूठ हरळी लावून खरंच हिरवळ केली होती. आणि तो ट्रॅक्टर चालवायच्याही त्याच! पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर काकांची जुनी टोपी. काका शेजारी उभे राहून किल्ली फिरवायचे आणि मग बाजूनं चालत हुकूम सोडायचे, "लेफ्ट! अगं लेफ्ट म्हणजे डावा, जेवायचा हात नव्हे!"

"मग तुम्हीच बसा की!"

"ड्रायव्हर तू. कमांडर मी."

दर रविवारी हा तमाशा आम्ही गॅलरीतून चहा पीत बघायचो. मग एका दिवाळीनंतर छातीत दुखतंय म्हणून काकू आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. आणि तेव्हापासून ट्रॅक्टर सुरू होईना.

पुढच्या पावसाळ्यात गवत पोटरीला लागलं. त्यात साप निघाला. कॉलनीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, रविवारपर्यंत गवत निघालं नाही तर तिथं फरशा बसवू, गाड्या लावायला जागा होईल. मी म्हटलं, काका, विळ्यानं कापून घेऊ. तर माझ्यावरच उखडले. "ते लॉन आहे, वैरण नव्हे! विळेवाले मुळासकट उपटतील." म्हणजे आता ट्रॅक्टर सुरू होणं भागच होतं.

नाशिकात मिसळ आणि इंजिन या दोन विषयांवर मत नसलेला माणूस सापडायचा नाही. कॉलनी लोटली. एक म्हणाला, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय. दुसरा म्हणाला, कचरा बिचरा काही नाही, बॅटरी गेलीय. नवी बॅटरी आणली, इंजिन नुसतं घर्र घर्र करायचं. माझं स्वतःचं यंत्रज्ञान म्हणजे स्कूटर तिरकी करून किक मारणं. मी तेच सुचवलं. आश्चर्य म्हणजे सगळ्यांना पटलं! आम्ही चौघांनी ते धूड स्कूटरसारखं तिरकं केलं, पेट्रोल माझ्या चपलेवर सांडलं, काकांनी किल्ली फिरवली, पुन्हा घर्र घर्र. काका म्हणाले, "फॉल्ट सापडत नाही." पण त्यांच्या चेहऱ्यावर काळजीच नव्हती. मी पुरता चक्रावलो.

शेवटी शनिवारी सकाळी लासलगावहून माझ्या मेव्हण्याला बोलावलं. तो बाजार समितीत येणारे कांद्याचे ट्रॅक्टर दुरुस्त करतो. दिवसभर त्यानं सगळं खोललं, जोडलं आणि डोकं खाजवत बसला. "दाजी, इंजिन लय झकास हाय. पेट्रोल येतंय, हवा जातीय, पण ठिणगीच नाय."

"का नाही?"

"त्येच कळत नाय ना!"

माझी तर मती गुंग झाली. काका किल्ली फिरवत होते, मी कंटाळून वाकलो आणि माझा हात नकळत सीटवर टेकला. इंजिन धडाडून सुरू! मी दचकून हात काढला. बंद!

मेव्हण्यानं सीटखाली डोकं घातलं. "दाजी! हितं बटन हाय! वर माणूस बसला तरच ठिणगी पडती!"

काकांनी किल्ली काढून खिशात टाकली. "डिसमिस!"

मेव्हणा हात धुवायला गेला. मी मात्र हटलो नाही. "काका, तुमचा जन्म गाड्यांत गेला. हे बटण तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत नसायला काय झालं? मीच तर बदललंय. ही पडली काडीपैलवान, हिच्या वजनानं ते दबायचंच नाही. मग मऊ स्प्रिंग घातली."

"अहो, मग बोलायचं नाही का! आम्ही इथं येडे झालो की!"

काका सीटवरची धूळ झटकत राहिले. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर कुणीतरी बसलं असतं."

उद्या फरशा येणार, हे बोलायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण मी मेव्हण्याची हत्यारं गोळा करायला लागलो. घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत राहिली.

रविवारी सकाळी इंजिनाच्या आवाजानं आम्ही गॅलरीत धावलो. काका ट्रॅक्टरवर! डोक्यावर तीच टोपी. पण बसले होते सीटच्या एका कडेला, अर्धे बाहेर लोंबकळत. उरलेली सीट मोकळी. साहजिकच कुठं वळण आलं, की वजन सुटायचं आणि इंजिन गप्प व्हायचं.

"दाजी, त्येंला मधी बसाया सांगा की," मेव्हणा म्हणाला.

"तू गप रे," बायकोनं त्याला दटावलं.

ट्रॅक्टर आमच्या गॅलरीखालीच बंद पडला. कापल्या गवताचा वास वर येत होता. जन्मभर हुकूम सोडणारे काका मोकळ्या जागेकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, सरक थोडी. बंद पडतंय."

मग बोटभर आत सरकून त्यांनी किल्ली फिरवली.